त्सेंतार झुपा: गावांची यादी आणि 'कोण किती' हा तक्ता कसा लावायचा?

कोरा_नकाशा

उत्तर मॅसेडोनियातल्या त्सेंतार झुपा या ग्रामीण पालिकेवर मराठीत नोंद तयार करतोय. देबार शहराच्या दक्षिणेला, अल्बेनियाच्या सीमेला लागून आहे. गावांची यादी झाली, पण वांशिक रचनेच्या तक्त्यात तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

१) २००२ च्या जनगणनेत एकूण ६,५१९ लोक: तुर्क ५,२२६, मॅसेडोनियन ८१४, अल्बेनियन ४५४. बेरीज जवळपास जुळते. २०२१ मध्ये एकूण ३,७२०, पण सगळ्या गटांची बेरीज त्याहून कमी भरते. माणसं गेली कुठे?

२) ८० टक्के तुर्क आहेत, तरी बऱ्याच गावांत घरात मॅसेडोनियन बोलतात असं वाचनात येतं. मग चूक तक्त्याची की लिहिणाऱ्याची?

३) गावांची नावं मराठीत कशी लिहायची? इंग्रजी नकाशावरून उतरवली तर विचित्र दिसतात.

आकडेमोड

आधी २००२ उरकू. तिन्ही आकडे मिळून ६,४९४ होतात, उरलेले २५ जण रोमा, सर्ब, बोस्नियाक, 'इतर' वगैरे रकान्यांत. टक्के ८०.२, १२.५ आणि ७.०. इथे गडबड नाही.

२०२१ चा घोळ बेरजेचा नाही, रकान्याचा आहे. त्या जनगणनेत ज्यांच्या घरी गणक पोचला नाही किंवा ज्यांनी माहिती दिली नाही, त्यांची नावं सरकारी नोंदवह्यांतून घेतली. नोंदवहीत वय आणि लिंग मिळतं, वंश, भाषा, धर्म मिळत नाही. म्हणून अशा माणसांचा वेगळा रकाना आहे. देशभरात ते १,३२,२६० जण आहेत, म्हणजे ७.२ टक्के. शिवाय 'सांगितलं नाही' आणि 'माहीत नाही' असे रकाने आहेतच. तुमची हरवलेली माणसं तिथे बसली आहेत. ती 'इतर' मध्ये ढकलू नका. 'इतर' म्हणजे ज्यांनी दुसरं काही नाव सांगितलं ते, हे म्हणजे ज्यांना विचारलंच गेलं नाही ते.

आता छेद कोणता घ्यायचा? देशाच्या आकड्यांवर करून बघा. रहिवासी १८,३६,७१३, त्यात मॅसेडोनियन १०,७३,२९९. सगळे रहिवासी छेदात घेतले तर ५८.४ टक्के. नोंदवहीवाले वगळले तर छेद १७,०४,४५३ आणि उत्तर ६३.० टक्के. दोन्ही गणितं बरोबर, पण एका तक्त्यात एकच छेद चालवा आणि तो शीर्षकातच लिहा.

तिसरा सापळा याहून वाईट. २०२१ मध्ये परदेशी राहणाऱ्यांनाही स्वतःची नोंद करता आली. असे २,६०,६०६ जण मिळवून 'एकूण नोंदलेले' २०,९७,३१९ होतात. अल्बेनियन लोकांचं प्रमाण रहिवाशांत २४.३ टक्के, या मोठ्या आकड्यात २९.५. ज्याला जो सोयीचा तो आकडा तो फिरवतो. पालिकेच्या नोंदीत रहिवाशांचाच घ्या.

आणि २००२ शी तुलना करताना टक्क्यांपेक्षा संख्या पुढे ठेवा. ६,५१९ वरून ३,७२० म्हणजे १९ वर्षांत सुमारे ४३ टक्के घट. खरी बातमी ती आहे. मधे २०११ ची जनगणना सुरू होऊन अर्ध्यावरच गुंडाळली गेली, त्यामुळे मधला टप्पा मिळणार नाही.

पेचाल्बा

दुसऱ्या प्रश्नावर: चूक कोणाचीच नाही. वंश, मातृभाषा आणि धर्म हे तीन वेगळे प्रश्न विचारले जातात आणि त्यांचे तीन वेगळे तक्ते छापले जातात. एकावरून दुसरा काढायला गेलात की फसलात. या भागात मॅसेडोनियन बोलणारे मुस्लिम पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांतला एखादा स्वतःला तुर्क सांगतो, दुसरा मॅसेडोनियन, तिसरा अल्बेनियन, आणि बोली तिघांची एकच असू शकते. त्यांच्यासाठी 'तोर्बेशी' हा शब्द वापरात आहे, पण तो अनेकांना खटकतो. नोंदीत 'मॅसेडोनियन भाषक मुस्लिम' लिहा आणि तोर्बेशी हा शब्द एकदाच, प्रचलित नाव म्हणून द्या. गावनिहाय तक्त्यात त्यांचा स्वतंत्र रकाना शोधू नका, नाही.

सांगितलेली ओळख किती झटकन बदलते ते जुन्या आकड्यांत दिसतं. मॅसेडोनियात तुर्क १९४८ मध्ये ९५,९४० आणि १९५३ मध्ये २,०३,९३८! पाच वर्षांत कुणाला दुप्पट मुलं होत नाहीत. त्याच काळात अल्बेनियन १,९७,३८९ वरून १,६२,५२४ वर आले. १९५३ च्या सुमारास युगोस्लाव्हियातून (मॅसेडोनिया तेव्हा त्याचाच भाग) तुर्कस्तानात स्थलांतराची वाट मोकळी झाली आणि ती तुर्क म्हणून नोंदलेल्यांसाठी होती. मग अनेक मुस्लिमांनी स्वतःला तुर्क लिहवून घेतलं. १९६१ पर्यंत तुर्कांचा आकडा १ लाख ३१ हजारांवर आला, कारण मोठ्या संख्येने लोक खरोखरच निघून गेले.

तेव्हा वाक्य 'येथे ८० टक्के तुर्क राहतात' असं न लिहिता 'येथील ८० टक्के लोकांनी २००२ मध्ये स्वतःला तुर्क म्हणून नोंदवले' असं लिहा. चार शब्द वाढतात, पण वाद मिटतो.

या पालिकेतलं कोजाजिक मात्र वेगळं काढा. तिथली तुर्की वस्ती जुनी मानली जाते. आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याच्या वडिलांचं घराणं तिथलं, अशी परंपरा आहे आणि त्या घराचं स्मारकही उभं केलं आहे. 'परंपरा आहे' हे दोन शब्द गाळू नका.

उभा_दांडा

नावांचं मी घेतो. पहिला नियम: ट-ड विसरा. तिकडचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. देबार, डेबार नव्हे. कोचिश्ता, कोचिष्टा नव्हे. ट-ड इंग्रजीतून येतात.

तिकडच्या सिरिलिक लिपीतल्या 'ц' या अक्षराचा उच्चार आपल्या चमच्यातल्या च सारखा. पण इ-ए पुढे आले की मराठी वाचक तालव्य च वाचतो, म्हणून एलेव्त्सी, ओजोव्त्सी, त्सेंतार असं त्स नेच लिहा. आकारान्त नावातही त्सच बरा. त्याच नैर्ऋत्य विभागातली प्लास्नित्सा पालिका 'प्लास्निचा' लिहिलीत तर लोक विचारतील, प्लास्नीचा काय?

'џ' म्हणजे जगातला ज, जागेतला नव्हे. त्यासाठी वेगळं चिन्ह आपल्याकडे नाही, कोजाजिकपुढे एकदा कंसात उच्चार सांगून मोकळे व्हा. 'ж' साठी झ: झुपा, झितिनेनी. ट्रेझरमधल्या झ सारखा म्हणायचा.

गोलेम पाप्राद्निक आणि माल पाप्राद्निक ही जोडी आपल्या बुद्रुक-खुर्दसारखी, मोठं आणि लहान. गोर्नो आणि दोल्नो मेल्निचानी म्हणजे वरचं आणि खालचं. भाषांतर करू नका, पण पूर्ण नाव लिहा. 'पाप्राद्निक' एवढंच लिहिलं की दोन गावांचे आकडे एकात मिसळतात. ही चूक सर्रास होते.

आणि 'नगरपालिका' नको. गावागावांच्या मिळून झालेल्या ओप्श्तिनाला (पालिकेचा तिकडचा शब्द) नगर कुठून आलं? नुसतं पालिका म्हणा.

कोरा_नकाशा

छान. नोंदीत जवळच्या माव्रोवो-रोस्तुशे पालिकेशी तुलना द्यायची होती. तिथे गावनिहाय टक्के काढले तर काही गावांत शंभर टक्के येतात.

आकडेमोड

तिथे गावनिहाय टक्के काढूच नका. २००२ मध्ये गालिच्निकमध्ये ३ रहिवासी होते आणि लाझारोपोलेमध्ये शून्य. तिघांचे टक्के काढून काय सांगणार? शून्याने तर भागताही येत नाही.

पेचाल्बा

आणि शून्य म्हणजे ओसाड असं लिहू नका. बाहेर जाऊन कमवायचं आणि गावी घर राखायचं ही तिथली जुनी रीत, तिलाच पेचाल्बा म्हणतात. दगडी घरं उभी आहेत, उन्हाळ्यात उघडतात. गालिच्निकला दर जुलैत पेत्रोव्देन या संत पीटरच्या सणाच्या सुमारास पारंपरिक लग्नसोहळा होतो, तेव्हा गर्दी मावत नाही. जनगणना नेहमीचा मुक्काम मोजते, कुलपाची किल्ली नाही.

तुलना पालिकेच्या पातळीवर द्या: २००२ मध्ये ८,६१८ लोक, पैकी मॅसेडोनियन ४,३४९, तुर्क २,६८०, अल्बेनियन १,४८३. म्हणजे ५०.५, ३१.१ आणि १७.२ टक्के. या आकड्यांना व्यवहारात वजन आहे. २००१ चा अल्बेनियन बंडखोरांशी झालेला संघर्ष मिटवणाऱ्या ओह्रिद करारानंतरच्या स्थानिक कायद्यानुसार पालिकेत २० टक्के गाठणाऱ्या समाजाची भाषा मॅसेडोनियनबरोबर अधिकृत होते. त्याखाली असेल तर निर्णय पालिकेच्या परिषदेचा. तेव्हा २००२ च्या आकड्यांवर तिथे तुर्की रेषेच्या वर होती, अल्बेनियन खाली. अल्बेनियनची गोष्ट २०१९ च्या भाषा कायद्याने बदलली, तो देशपातळीवर लागू होतो.

उभा_दांडा

एक राहिलं. माव्रोवो-रोस्तुशे ही २००४ च्या फेररचनेत दोन पालिका जोडून झाली. २००२ चे जुने तक्ते त्या दोन्ही वेगळ्या दाखवतात, नंतरचे नव्या हद्दीप्रमाणे. कुठल्या हद्दीचा आकडा उचलला ते तळटीपेत टाका, नाहीतर पुढचा संपादक 'चूक दुरुस्त' करून जाईल.