जुनी प्रीमियम गाडी घ्यावी का? घेतलेल्यांचे, विकलेल्यांचे आणि बघून सोडून दिलेल्यांचे अनुभव

परळकर

माझे बाबा एकतीस वर्षं पेडर रोडच्या एका कुटुंबाकडे ड्रायव्हर होते. १९९५ मध्ये मर्सिडीझ पुण्यात जोडली जाऊ लागली, त्यानंतर थोड्याच दिवसांत शेठनी एक घेतली आणि ती बाबांच्या हातात आली. तिची रोजची नोंद ते वहीत ठेवायचे. तारीख, किलोमीटर, कुठे गेलो, किती तेल भरलं. त्या वह्या अजून घरात आहेत. आता बाबा रिटायर आहेत, आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, पार्किंगची एक जागा मिळाली आणि घरात पहिली गाडी येणार आहे. ती बाबांना शोभेल अशी असावी असं मला मनापासून वाटतं.

हातात वीस लाख आहेत. त्यात नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही येते, टॉप मॉडेल. नाहीतर २०१७ ची जर्मन डिझेल सेदान. अंधेरीचा डीलर साडेअठरा सांगतोय, मीटरवर ५२ हजार. नवी होती तेव्हा पंचेचाळीसच्या घरात होती. नवरा म्हणतो, नवी घे आणि निवांत झोप. बाबा काहीच बोलत नाहीत, पण तिचे फोटो त्यांनी दोनदा मागून घेतले.

ज्यांनी अशी गाडी घेतली, विकली किंवा बघून सोडून दिली, त्यांनी कृपया लिहा. रकमेसकट.

घोडबंदरवाला

ताई, रकमेसकटच लिहितो. मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

सहा वर्षांची जर्मन सेदान एकोणीस लाखांत घेतली. पहिल्या अकरा महिन्यांतच चारही टायर गेले. ते रनफ्लॅट होते. म्हणजे पंक्चर झालं तरी ऐंशीच्या वेगाच्या आत साधारण ऐंशी किलोमीटर जाता येतं, त्यामुळे डिकीत स्टेपनीच नसते. चार टायरचे ब्याऐंशी हजार. मग बॅटरी, एकोणतीस हजार. ती नुसती बसवून भागत नाही, नवी लावली हे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनरने सांगावं लागतं. पुढचे सस्पेन्शन आर्म घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी खाल्ले, एक्काहत्तर हजार. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर, चव्वेचाळीस हजार. दोन लाख सव्वीस हजार झाले, आणि यात नेहमीची सर्व्हिस नि इन्शुरन्स धरलेलं नाही.

गाडीची किंमत पंचेचाळीसवरून एकोणीसवर आली, पण पार्ट पंचेचाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतात. घ्यायच्या आधी एवढं कळलं असतं तरी पुरे होतं.

तरी गाडी विकलेली नाही, चार वर्षं झाली. दुसऱ्या वर्षापासून दर महिन्याला बारा हजार वेगळ्या खात्यात टाकतो आणि ते पैसे गाडीचेच समजतो. त्या दिवसापासून कुठलंही बिल आलं तरी घरात वाद झालेला नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला याच गाडीतून घरी आणलं. ठाण्यापर्यंत ती झोपूनच होती, एकदाही कण्हली नाही. वीसमधले सतराच गाडीवर घाला, तीन हलवू नका.

वाशीकर

माझी गाडी दिल्लीची. डिझेल गाडीला तिथे दहा वर्षांची मर्यादा एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५ मध्ये घातली आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या चांगल्या डिझेल गाड्या तिकडून स्वस्तात बाहेर पडत होत्या. मला तशीच गाडी इथल्यापेक्षा चार लाखांनी कमी पडली आणि मी खूश होतो.

पुढचं ऐका. तिकडच्या आरटीओची एनओसी यायलाच सात आठवडे लागले. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे कायमची आणली की बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला तो १५ टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण मोजायला सुरुवात गाडीच्या मूळ किमतीपासून होते, तुम्ही दिलेल्या किमतीपासून नाही. तिथेच माझा हिशेब चुकला. कर, एजंट, गाडी इकडे आणायचा खर्च, सगळं मिळून तीन लाखांवर गेलं. चारातला एकसुद्धा पुरता वाचला नाही आणि पाच महिने मी ती बिल्डिंगखाली झाकून ठेवली. इथलीच एमएच पासिंगची बघा.

दादर पश्चिम

मी घेतली आणि दोन वर्षांत विकली. गाडीत खोट नव्हती, माझ्या वापराला ती चुकीची होती.

घर शिवाजी पार्कला, ऑफिस लोअर परेलला. चार किलोमीटर, त्यातले तीन सिग्नलवर. गाडी बीएस-६ डिझेल, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या, कडक नियमांची. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला इंजिन चांगलं तापून काही वेळ एका लयीत पळावं लागतं. माझी गाडी तापायच्या आत ऑफिस यायचं. सहा महिन्यांत दिवा लागला, गाडीने वेग घेणं बंद केलं, टोइंग करून न्यावी लागली. वर्कशॉपमध्ये मशिन लावून फिल्टर जाळून दिला. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. मग मी दर रविवारी पहाटे उठून तिला नुसतीच पनवेलपर्यंत पळवून आणायचो.

परळकर, तुमची २०१७ ची बीएस-४ असेल, पण प्रीमियम डिझेलमध्ये डीपीएफ त्याआधीपासूनही असू शकतो, विचारून घ्या. शहरातच फिरणार असाल तर पेट्रोल घ्या. ॲव्हरेज कमी मिळेल, ते परवडतं.

नीलमोहोर

मी बघून सोडून दिली. कारण फारच साधं होतं. आमचं स्टॅक पार्किंग आहे, एकावर एक गाड्या ठेवायचं, आणि माझी जागा वरची. खांबावर वजनाची आणि उंचीची मर्यादा लिहिलेली पाटी असते, पाच वर्षं तिच्यासमोर उभी राहून मी ती कधी वाचली नव्हती. टोकन द्यायच्या आदल्या दिवशी वॉचमनकाकांनी विचारलं, "मॅडम, ती बसेल का वर?" एसयूव्ही उंचीत बसत नव्हती. सेदान बघत असाल तर लांबीही मोजा. मर्सिडीझची २०१७ ला आलेली लाँग व्हीलबेस ई-क्लास पाच मीटरच्या पुढे जाते, ५०६३ मिलिमीटर. गाडीचं रिकामं वजन आरसीवर छापलेलं असतं, ते पाटीशी ताडून बघा.

कुर्ला गॅरेज

सीएसटी रोडला माझं गॅरेज आहे. ताई, तुम्ही साल २०१७ लिहिलंत म्हणून मुद्दाम लिहायला बसलो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मी या धंद्यात नवीन होतो. मिठी नदीचं पाणी उतरल्यावर दोन महिने आम्ही फक्त बुडालेल्या गाड्या उघडत होतो. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा तेच. मधल्या प्रत्येक पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कलला थोड्याफार गाड्या सापडतातच. इन्शुरन्स कंपनी गाडी टोटल लॉस धरते, ती लिलावात जाते, कोणीतरी घेऊन धुतो, वाळवतो, पॉलिश मारतो आणि महिन्याभरात ती नव्यासारखी उभी राहते. साधी गाडी अशातून सावरते. या गाड्या सावरत नाहीत, कारण यांचे कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचे छोटे कॉम्प्युटर, सीटखाली, पायाखालच्या कार्पेटखाली, डिकीच्या तळाशी असतात. पाणी गेलं की आज पॉवर विंडो, उद्या गिअर, परवा एअरबॅगचा दिवा. वायरिंग आतून हिरवं पडत जातं आणि दोन-दोन वर्षं त्रास देतं.

ओळखायचं कसं? सीटवर बसा आणि सीटबेल्ट ओढा. नेहमी ओढतो तेवढा नाही, आतून खट्ट करून थांबेल तिथपर्यंत. रोज बाहेर येणारा भाग सगळे धुतात. आत गुंडाळलेला शेवटचा वीतभर भाग कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की चावी परत द्या. सीट पुढे सरकवून रुळांचे बोल्ट बघा, गंज चढलाय का, पाना लागल्याच्या खुणा आहेत का. डिकीचं कार्पेट उचलून कोपऱ्यात बोट फिरवा. गाडीत अत्तराचा फार वास मारला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा, खालचा वास वर येतो.

किलोमीटरचं असं आहे की ते फक्त मीटरमध्ये नसतात. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या मॉड्यूलमध्येही त्यांची नोंद राहते, काहींत चावीतसुद्धा. स्कॅनर लावल्यावर आकडे जुळले पाहिजेत. स्कॅनर लावू न देणाऱ्याकडे थांबू नका. आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन चालू होताना त्याच्या आतली चेन वाजते का, धूर कुठल्या रंगाचा येतो, हे पहिल्या पाच सेकंदांतच कळतं. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा.

दहिसरची

मी तीन वर्षांची पेट्रोल गाडी कंपनीच्याच सर्टिफाइड योजनेतून घेतली. बाहेरच्यापेक्षा पावणेदोन लाख जास्त गेले, घरच्यांनी बोलून घेतलं. चौदाव्या महिन्यात भर पावसात, दिंडोशीच्या पुलावर, दोन्ही मुलं मागे असताना गाडी न्यूट्रलमध्ये गेली आणि गिअरच पडेना. मागून बस येत होती. पार्किंग लाइट लावून मुलांना कठड्याच्या बाजूने उतरवलं, ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा भाग गेला होता. बिल झालं असतं तीन लाख दहा हजार, वॉरंटीत एक रुपया लागला नाही. पुढच्या वर्षी वॉरंटी पुन्हा वाढवून घेतली. ती मिळते तोवरच मी ही गाडी ठेवणार आहे.

गिरगावकर

भावाबद्दल थोडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेससकट ४५ ते ५० टक्के कर जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी झाला. नव्याच उतरल्या, मग जुन्यांनीही उतरायला हवं. डीलर जुन्या यादीवरून "नवी एवढ्याची होती" म्हणत असेल तर त्याला आजचा भाव विचारा. भाव ठरला तरी टोकन द्यायच्या आधी आरसी नंबर टाकून ई-चलानं बघा. माझ्या गाडीवर मागच्या मालकाची एकवीस हजारांची निघाली. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

परळकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक अनुभव बाबांना वाचून दाखवला. इन्शुरन्सचं कोणी सांगेल का? डीलर म्हणतो, त्याच्या पॉलिसीवर पन्नास टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) आहे, तो मला मिळेल.

दादर पश्चिम

नाही मिळणार. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका. आणि मुंबईत राहता, तर इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घ्याच. पाण्यात चालू केल्यामुळे इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत बहुधा काही मिळत नाही.

परळकर

रविवारी बाबांना घेऊन अंधेरीला गेले. शनिवारी फोन करून बजावलं होतं, गाडी चालू करू नका. बाबांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला, मग माझा हात धरून तिथे ठेवला. गरम. डीलर म्हणाला, पोराने आत्ताच धुवायला बाहेर काढली. बाबा काही न बोलता ड्रायव्हर सीटवर बसले. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी त्यांनी पट्टा हळूहळू ओढला, मांडीवर घेत घेत, शेवटपर्यंत. काळ्या पट्ट्यावर साधारण चार बोटं रुंदीचा फिकट चॉकलेटी डाग, कडेला सरळ रेघ. त्यांनी तो अंगठ्याने चोळला आणि अंगठा मला दाखवला. डीलरने तिथल्या तिथे साडेअठराचे पावणेसतरा केले. बाबांनी पट्टा नीट आत जाऊ दिला, चावी काउंटरवर ठेवली आणि त्याला नमस्कार करून बाहेर आले.

त्यानंतर तीन गाड्या बघितल्या. तिसरी डोंबिवलीच्या एका निवृत्त डॉक्टरांची, २०१८ ची पेट्रोल सेदान, पहिलेच मालक. ब्रँड लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल. फाइलमध्ये प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेनुसार लावलेलं. बॉनेट थंड. कुर्ला गॅरेज यांनी सांगितल्याप्रमाणे स्कॅनर लावून घेतला, आकडे जुळले. मागचे ब्रेक पॅड संपत आलेत आणि एक पार्किंग सेन्सर बंद आहे, ते डॉक्टरांनी स्वतःच आधी सांगितलं होतं. सोळा लाख चाळीस हजारांत ठरलं. कंपनीची वॉरंटी आता मिळत नाही, म्हणून तीन लाखांची एफडी केली, तिला हात लावायचा नाही असं नवऱ्यानेच लिहून फ्रिजवर चिकटवलं. आमच्या स्टॅकच्या पाटीवर दोन हजार किलो आहे, गाडी त्याच्या बरीच आत बसते.

गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० मंगळवारी गेले. डोंबिवलीहून परळपर्यंत बाबांनीच आणली. वाटेत ठाण्याला चहाला थांबलो तेव्हा ते समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि दोनशे पानी वही घेऊन आले. पहिल्या पानावर त्यांनी तारीख टाकली, त्यापुढे ४१,३१२, आणि त्याखाली "डोंबिवली ते घर".