मदत हवी आहे: एंटेबेची भिंगरी, अँगोला की आपली माळभिंगरी?

युगांडात एंटेबेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, जानेवारीत तारेवर बसलेल्या 3 भिंगऱ्यांचे (स्वॅलो पक्ष्यांचे) फोटो आहेत. दोन माळभिंगऱ्या (हिरुंडो रस्टिका) नक्की: छातीवर रुंद, अखंड गडद पट्टा, पोट मळकट पांढरं. अडलंय तिसरीपाशी.

तिचा गळ्याचा तांबडा रंग पट्ट्याच्या खाली छातीवर उतरलाय, पट्टा अरुंद आणि मधे तुटलेला, पोट राखाडी-तपकिरी. हे सगळं अँगोला भिंगरीकडे (हिरुंडो अँगोलेन्सिस) बोट दाखवतं, आणि ती तिथे बारमाही असते. लालछाती भिंगरी मी बाद केली आहे. पट्टा तिचाही अरुंद, पण पोट पांढरं असतं, आणि तिचा प्रदेश मुख्यतः पश्चिम आफ्रिका, काँगो खोरं आणि इथिओपिया.

शेपटीच्या लांबीवर मी भर देत नाही. अँगोलाच्या शेपटीच्या तारा (कडेची लांब पिसं) आखूड असतात खऱ्या, पण माळभिंगरी हिवाळ्यात आफ्रिकेतच पिसं बदलते, त्यामुळे तिच्याही तारा तेव्हा तुटक्या किंवा अर्धवट वाढलेल्या दिसतात. पहिल्या वर्षाच्या पिल्लाचा गळा फिका आणि पट्टा तपकिरी असतो, म्हणून तीही शंका उरते.

फोटो खालून, ढगाळ उजेडात काढलेत. पाठ दिसत नाही, आवाजाची नोंद नाही. एक्स्पोजर वाढवून पाहिलं, पोटाचा रंग राखाडीच राहिला. शेपटीखालची पिसं मात्र स्पष्ट आहेत.

पिसं बदलणारी माळभिंगरी पूर्ण बाद करायला फक्त खालच्या बाजूचं कोणतं लक्षण पुरेसं धरता येईल: पोटाचा रंग, तुटका पट्टा, की शेपटीखालच्या पिसांवरच्या गडद खुणा?