सांडव्यात पोती रचून पाणी वाढवावं का? (खासगी मातीचे बंधारे : माण, खटाव, आटपाडी, जत)

येरळाकाठ :
परतीच्या पावसाची चाहूल लागली की आपल्या पट्ट्यात खासगी बंधाऱ्यांच्या सांडव्यात (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत) वाळूची पोती दिसायला लागतात. हेतू एकच, वाहून जाणारं पाणी फूट-दीड फूट जास्त अडवायचं. माझं मत स्पष्ट आहे: मातीच्या भिंतीला सांडव्यात एकही पोतं नको.

एक नेहमीच्या मापाचा बंधारा घ्या. भिंत ६ मीटर उंच, सांडवा ६ मीटर रुंद, सांडव्याच्या उंबऱ्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत १ मीटर. पाणी थेट माथ्याला टेकलं तर या सांडव्यातून सेकंदाला साधारण १० घनमीटर जातं. पोती रचून उंबरा अर्धा मीटर उचलला की तेच पाणी साडेतीन घनमीटरवर येतं. वाट निम्मी झाली म्हणून पाणी निम्मं होत नाही, तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

आता १०० हेक्टर पाणलोटावर तासाला ५० मिलिमीटरच्या जोराने पाऊस कोसळतोय आणि त्यातलं निम्मं वाहून येतंय असं धरा. येवा, म्हणजे तलावात येणारं पाणी, होतो सेकंदाला ७ घनमीटरच्या आसपास. मोकळ्या सांडव्यातून तो निघून जातो आणि माथ्याखाली वीतभर जागा उरते. पोती असतील तर उरलेलं साडेतीन घनमीटर भिंतीवरून जाणार. दगडी बांध ते सोसेल, मुरमाचा भराव सोसत नाही. मागच्या उतारावर आधी घळ पडते, ती माथ्याकडे सरकत येते आणि शेवटी भिंत चिरते.

आटपाडीकर :
येरळाकाठ दादा, हिशोब बरोबर आहे, पण एकाच बाजूचा. पाण्याचा पसारा १ हेक्टर असेल तर अर्धा मीटर म्हणजे ५० लाख लिटर. ठिबकवर एकरी रोज २० हजार लिटर धरले तर पाच एकर डाळिंबाला ५० दिवस पुरणारं पाणी. टेंभू उपसा योजनेचं आवर्तन (पाण्याची पाळी) लांबलं की याच पाण्यावर बहार तगतो. टँकरने ५० लाख लिटर आणून दाखवा.

आणि तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस या माळावर दरवर्षी पडत नाही. शिवाय तलाव काही पाणी पोटात घेतोच, येवा जसाच्या तसा सांडव्यावर येत नाही. फारच लोंढा आला तर पोती आपोआप वाहून जातात आणि वाट मोकळी होते.

येरळाकाठ :
आटपाडीकर दादा, पोटात किती घेतो तेही मोजू. पोत्यांच्या माथ्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत अर्धा मीटर उरला, म्हणजे ५ हजार घनमीटर. सेकंदाला ७ घनमीटर येणारा लोंढा ते १२ मिनिटांत भरतो. सांडव्यातून थोडं जात राहील म्हणून २०-२५ मिनिटं धरा. रात्री दोन वाजता तेवढ्या वेळात कोण पोहोचणार?

पोती वाहून जातात हा भरवसा तर नकोच. भिजलेलं वाळूचं पोतं ४०-५० किलोचं असतं. ओढ्यातून येणाऱ्या बाभळीच्या फांद्या, पाचट, प्लॅस्टिक त्याला अडकलं की पक्का बांध तयार होतो. आणि गेलीच सगळी एकदम, तर अडवलेलं अर्धा मीटर पाणी एका दमात खालच्या बंधाऱ्यावर आदळतं. त्याच्याही सांडव्यात पोती असली तर?

अजून एक. भिंतीच्या पोटातला, पाणी अडवणारा काळ्या मातीचा गाभा बहुतेक ठिकाणी पूर्ण पाणीपातळीच्या थोडा वर नेऊन थांबवलेला असतो. त्यावरचा भराव उन्हाळाभर तापून भेगाळलेला असतो. पोत्यांमुळे पाणी नेमकं त्या भेगांत उभं राहतं.

मुरूम-माती :
पोत्यांवर एवढा जोर लावताय, पण पोतं न ठेवताही भिंती जातात, आणि जातात त्या बऱ्याचदा पाइपापाशी. इकडे एक सर्रास चाल आहे. बंधारा झाल्यावर दोन वर्षांनी सायफन (माथ्यावरून मोटरशिवाय पाणी ओढणारा पाइप) नको, मोटर नको, थेट पाइप हवा म्हणून भिंत जेसीबीने उभी चिरायची, ४ इंची पीव्हीसी टाकायचा आणि बकेटने दाबून माती परत लोटायची. पाइपाच्या पोटाखाली माती कधीच दाबली जात नाही. बोटभर पोकळी राहते आणि पाणी पाइपातून जायच्या ऐवजी पाइपाच्या बाहेरून, त्याला चिकटून चालतं. जाताना मातीचा कण-कण घेऊन जातं. बाहेरून वर्षभर काहीच दिसत नाही.

म्हणून पाझराचा रंग बघा. पायथ्याशी पाणी निघतंय म्हणून घाबरायचं कारण नाही, मातीची भिंत पाझरणारच. काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाला गाळ बसला की भिंतीच्या पोटातली माती येतेय, हे नक्की. स्वच्छ पाझर असेल तरी दर आठवड्याला बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. तलावाची पातळी तीच असताना बादली लवकर भरायला लागली, तर तीही खूण आहे.

गढूळ पाझर दिसला की लोक वरून काळी माती लोटून भोक बुजवतात. ते उलटं काम आहे. पाणी कोंडलं की दुसरीकडे फुटतं. पाझराच्या तोंडावर आधी भरड वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड टाका. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. आणि तलावाची पातळी उतरवायला घ्या. पाझर साधा असेल तर दिवसाला फूटभरच, कारण झपाट्याने उतरवलं की पाण्याकडचा ओला उतार घसरतो. धार मोठी होत असेल तर मात्र आधी खालची वस्ती हलवा.

दुसरी जागा भिंतीच्या माथ्याची. पोकलेनने टाकून ट्रॅक्टर फिरवलेला भराव बसतो, आणि सगळ्यात जास्त बसतो जिथे भिंत सर्वांत उंच आहे तिथे, म्हणजे जुन्या ओढ्यावर. टोकाला उभं राहून भिंत सरळ वाटते. लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) धरा, मध्ये वीत-दीड वीत खोलगट निघेल. वर मोजलेला १ मीटर मध्यावर पाऊणच असतो. सांडव्याचं गणित मांडायच्या आधी हे माप घ्या.

कोरेगावकर :
मुरूम-माती भाऊंशी सहमत, पण पाइप काढा म्हणून कोणी पुन्हा भिंत उकरू नका. उकरलेली माती पुन्हा नीट भरायची तर वीतभर जाडीचे थर, मुठीत आवळल्यावर गोळा बांधेल पण हाताला चिखल लागणार नाही एवढाच ओलावा, आणि प्रत्येक थरावर रोलर. हे एप्रिल-मेमध्ये, तलाव रिकामा असतानाच जमतं. तोवर माथ्यावरून सायफन घाला. माथा पाण्याच्या पातळीपेक्षा ५ मीटरपर्यंत उंच असला तरी तो चालतो, फक्त फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाची एकतर्फी झडप) आणि सांधे हवाबंद हवेत.

पोत्यांबाबत मात्र माझं मत येरळाकाठ दादांपेक्षा वेगळं आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा संपल्यावर बर्गे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घालतो, तसे सांडव्याला काँक्रीटचे खांब करून फूटभर उंचीचे बर्गे १५ ऑक्टोबरनंतर घालावेत. दोघे जण अर्ध्या तासात काढू शकतात. पोतं आणि बर्गा यांत हा फरक आहे.

येरळाकाठ :
१५ ऑक्टोबर ही तारीख आपल्याकडे लागू होत नाही. २०२० साली बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचं क्षेत्र १४ ऑक्टोबरला आपल्याच भागावरून गेलं. त्या दिवशी 'पावसाळा संपला' असं धरलं असतं तर? आणि अर्धा तास हा वर मोजलेल्या २०-२५ मिनिटांपेक्षा जास्तच आहे.

आटपाडीकर :
मग वाढीव पाणी हवं असलेल्याने करायचं काय? सरकारी तपासणी मागू नका. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरवरच्या धरणांना लागतो, १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. आपल्या ६ मीटरच्या भिंतीला तो लागत नाही. बघायचं ते आपणच.

मुरूम-माती :
पाणी उंचीत नको, खोलीत वाढवा, म्हणजे गाळ काढा. फक्त भिंतीच्या पायथ्यापासून १० मीटर तरी सोडून उकरा आणि तळाची काळी माती खरवडू नका. खाली फुटीर मुरूम उघडा पडला तर तळच गळायला लागेल. हेक्टरभर पसाऱ्यात अर्ध्या भागातून सरासरी १ मीटर गाळ काढला तर तुमचे तेच ५० लाख लिटर भरतात, आणि सांडवा मोकळा राहतो.

आटपाडीकर :
डिझेल आणि पोकलेनचा खर्च पोत्यांच्या कितीतरी पट आहे, हे पण लिहा. तरी पाझराची बाटली आणि लेव्हल पाइप दोन्ही या आठवड्यात करून घेतो. माथा मध्ये खोल निघाला तर पोती काढतो. नाही निघाला तर बर्ग्यांवर पुन्हा बोलू.