वाईट बातमी आली की तुम्ही स्वतःला कसं सावरता?

मये_तळं
वैशाख जवळ आला. परवा शेजारचा धोंड, म्हणजे लईराई देवीचा व्रती, वेतकाठीचे गोंडे नीट करत बसलेला दिसला आणि 3 मे 2025 ची पहाट आठवून पोटात गोळाच आला. गोव्यातल्या शिरगावच्या लईराईच्या जत्रेतली चेंगराचेंगरी. आमच्या घरातले धोंड तिथेच होते, फोन लागेना. सकाळी धडधाकट परत आले, पण माझ्या हातांची थरथर काही जाईना. त्यात नंतर ते व्हिडिओ! माहेरचा ग्रूप, शाळेचा ग्रूप, सगळीकडे तेच. सासूबाईंनी एकही बघितला नाही. पेज केली, शेजारची मुलगी इस्पितळात होती म्हणून डबा भरून त्यांच्याकडे जाऊन बसल्या. मला तसं जमत नाही. तुम्ही काय करता? उपदेश नको हां.

फोंड्याची_सून
ग्रूप सोडला. दीर रुसलेत. रुसू दे.

बेतीकर
1986 च्या जुलैत मांडवीचा पूल पडला. रेडिओवर ऐकलं, दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, झालं. मग पूल नाही म्हणून पावसात फेरीबोटीच्या रांगेत रोज तोच विषय. बोलून बोलून भीती झिजली. आता ज्याची भीती त्याच्या फोनात.

पेडण्याचो_पात्रांव
काका, फेरीत भीती कसली, नुस्त्याच्या, मासळीच्या पाट्या डोक्यावर पडायची ती!! 😄

काणकोणकर
2 ऑक्टोबर 2009 चा काणकोणचा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना विचारा. अजून रात्री पाऊस लागला की आई कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवते. कोणी हसत नाही. हे लिहिता लिहिता, थांबा, कुकर

म्हापसा_रूम
हडफड्याच्या नाइटक्लबातली आग, डिसेंबर 2025 मधली. पहिल्या दिवशी मला काहीच झालं नाही, खरंच. पंचवीस गेले हा नुसता आकडा होता. मग कळलं की बहुतेक तिथे काम करणारी पोरं, बाहेरच्या राज्यांतली. आमच्या भाड्याच्या खोल्यांत अशीच राहतात, सणाला घरी जाता येत नाही म्हणून आईशी व्हिडिओवर बोलतात. त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी खोल्यांत जाऊन बाहेर पडायची वाट, वायरिंग सगळं बघून आलो. तेवढ्यानं जरा बरं वाटलं.

मये_तळं
हे पटलं. काहीतरी हाताला हवं.

रात्रपाळी
मी नर्स. ड्यूटीवर रडू येत नाही, घरी टीव्ही लावला की येतं. म्हणून लावत नाही. पण ज्यांची झोप आठवडे उडालीय, आवाजानं दचकायला होतं, त्यांनी नुसतं कामात गुंतून चालणार नाही. 14416 वर फोन करा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बांबोळीला मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळही आहे. कोणी बघेल म्हणून लाजणारे रक्तदाबाच्या गोळ्यांना कुठे लाजतात?

फोंड्याची_सून
नंबर सेव्ह केला. देव बरें करूं.

काणकोणकर
आलो. भात लागला खाली.

पेडण्याचो_पात्रांव
काका, बेतीच्या फेरीला तेव्हा तिकीट किती होतं हो?

बेतीकर
ते सोड, छत्री दे म्हणायचो आधी.