मदत हवी आहे : आंब्याचे खोके दबतायत, लवकर सांगा

देवगडचा_पोरगा : यंदा लाकडी पेट्या बंद करून पुठ्ठ्याचे खोके घेतले. फळीचा भाव परवडत नाही, ठोकायला माणूस मिळत नाही. पुण्याला माल पोचला तर खालचे खोके दबलेले, आंबे डागाळलेले. गिऱ्हाईक फोटो पाठवून पैसे परत मागतंय. परवा पुढची गाडी. कुठला खोका घेऊ? फाटे फोडू नका प्लीज.

खोकेवाला : किती डझनी? तीन प्लाय की पाच?

देवगडचा_पोरगा : नेहमीचे हो, दोन डझनी. तपकिरी.

खोकेवाला : रंग विचारला नव्हता भाऊ. कड नखाने सोलून बघा. दोन सपाट कागदांत एकच नागमोडी थर असेल तर तीन प्लाय, म्हणजे तीन थरांचा; नागमोडी दोन असतील तर पाच.

बागवाले_काका : पेटीत पाच डझन आंबा, खाली-वर पेंढा, वर माणूस उभा राहिला तरी ढिम्म. वाशीला हमाल माल आपटतो, तिथे कागद काय टिकणार!

हिरवी_पाती : आणि पेटीपायी झाडं तुटतात ती?

बागवाले_काका : पुठ्ठा काय आभाळातून पडतो?

माई_ठाणे : आंबा पिकवायला कार्बाइड घालू नका हो, बंदी आहे. एथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर, चालतो.

बागवाले_काका : ताई, खोक्याचं चाललंय.

देवगडचा_पोरगा : तीन प्लायच निघाला. पण शेजाऱ्याचाही तोच, त्याचे दबत नाहीत.

खोकेवाला : रचता कसे? रात्री कुठे असतात?

देवगडचा_पोरगा : विटांसारखे, सांधा चुकवून. आदल्या रात्री भरून उघड्या पडवीत. पेंढा जरा दमट असतो, त्याने काय होतंय?

खोकेवाला : त्यानेच होतंय. खोक्याचा भार चार कोपरे पेलतात. सांधा चुकवलात की वरच्याचा कोपरा खालच्याच्या झाकणावर मधोमध टेकतो. कोपऱ्यावर कोपरा ठेवा. कोकणातल्या रात्रीच्या हवेत पुठ्ठा पाणी ओढतो, फार दमटला तर जोर निम्म्यावर येतो. वर कच्चा आंबाही वाफ सोडतो. भोकं हवीतच, पण कोपऱ्यापासून लांब. नागमोडीच्या नळ्या उभ्या आहेत ना बघा. पेंढ्याऐवजी कागदाची कात्रणं घाला.

आढीप्रेमी : कात्रणात पिकलेल्या आंब्याला तो वास नाही!

खोकेवाला : अहो, प्रवासापुरती. घरी नेऊन घाला की आढी.

फास्टमाल : प्लास्टिक क्रेट घ्या, धुवा, परत वापरा. विषय संपला.

देवगडचा_पोरगा : गिऱ्हाईक क्रेट परत देतंय होय?

कोथरूडकर : डझनाचा भाव? देवगडच ना, की कर्नाटक? २०१८ साली हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तुमची नोंदणी आहे का?

देवगडचा_पोरगा : साहेब, आधी हे निस्तरू दे. @खोकेवाला, तीन प्लायचा गठ्ठा पडून आहे, त्याचं काय करू?

खोकेवाला : तळाच्या थरांना पाच प्लाय, वर जुने. किती थर चालतील ते गाडीवर आहे. टेम्पो, ट्रक की एसटी, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.