घट म्हणजे गर्भ: एवढ्यात देवी मावते का?

काळी माती:
नवरात्रातल्या देवीचा अर्थ शोधायला पोथीआधी परडीत बघावं. शेतातली काळी माती चाळून तीन-चार बोटं जाड पसरायची, मधोमध पाझरणारा मातीचा घट आणि भोवती गहू, ज्वारी, मूग, हरभरा असं सात प्रकारचं धान्य. घटातलं पाणी पाझरत राहतं, त्यावरच बी रुजतं. घट म्हणजे गर्भ: पाण्याने भरलेलं पोट आणि भोवती उगवणारा जीव, हीच सृजनाची, मातृत्वाची शक्ती. रब्बीच्या तोंडावर घट बसतो तो उगाच नाही. घरचं बियाणं कसं उगवतंय तेही तिथेच दिसतं.

चंडीपाठी:
मांडणी अगदी बरोबर, पण अर्थ अर्धाच सांगितलात. दुर्गा सप्तशती या देवीच्या पोथीच्या दुसऱ्या अध्यायात देवी कुणाच्या पोटी येत नाही. सगळ्या देवांचं तेज एकवटतं आणि त्यातून ती उभी राहते. पाचव्या अध्यायात शुंभ या असुराचा दूत लग्नाचा निरोप आणतो, तेव्हा ती सांगते की मला युद्धात जिंकेल तोच माझा नवरा. आणि शुंभ जिंकत नाही! अशा देवीला ‘सृजन’ आणि ‘मातृत्व’ या दोन शब्दांत बसवलं की बाईचं मोलही मूल होण्यावर ठरायला लागतं. माझा विरोध त्याला आहे. त्याच अध्यायातल्या ‘या देवी सर्वभूतेषु’ स्तुतीत ती मातृरूपाने आहे, तशीच बुद्धी, भूक, झोप, लाज आणि भ्रांतीच्याही रूपाने आहे.

काळी माती:
मग अकरावा अध्याय का सोडता? ‘आधारभूता जगतस्त्वमेका महीस्वरूपेण यतः स्थितासि’. पृथ्वीच्या रूपाने तूच जगाचा आधार, आणि लगेच पुढच्या ओळीत पाण्याच्या रूपानेही तूच. पुढे तीच शाकंभरी होऊन, पाऊस येईपर्यंत स्वतःच्या देहातून उगवलेल्या भाज्यांवर जग जगवीन म्हणते. माती आणि पाणी मी पोथीबाहेरून आणलेलं नाही.

चंडीपाठी:
मान्य. पण शाकंभरी लेकरं जन्माला घालत नाही, दुष्काळात उपाशी जगाला खाऊ घालते. त्याला गर्भ म्हणू नका, पोसणं म्हणा. हा फरक मला फार मोठा वाटतो.

परडीवाली:
दोघांचं वाचलं. अर्थ कुठलाही घ्या, पण फ्लॅटमध्ये बसणाऱ्या घटांत दोन्ही हरवतायत. मातीच्या घटाऐवजी तांब्याचा कलश ठेवतात, तो पाझरत नाही. मग रोज तांब्याभर पाणी वरून ओततात. खाली भोक नसलेला प्लास्टिकचा ट्रे असला की चौथ्या-पाचव्या माळेपर्यंत हरभरा कुजतो, पांढरी बुरशी धरते आणि ‘देवी कोपली’ म्हणून घरच्या सुनेला बोल लागतो. कोप कसला, पाणी तुंबलंय! तांब्याचाच कलश ठेवायचा असेल तर माती परडीतच घ्या, बी एकावर एक पडू देऊ नका, वर मातीचा पातळ थर द्या आणि पाणी फक्त हाताने शिंपडा. अंधाऱ्या देवघरातले कोंब पिवळे निघतात ते उजेड नसल्याने, तो अपशकुन नाही.

चंडीपाठी:
त्या सुनेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घट म्हणजे गर्भ म्हटलं की कुजलेल्या बियांचा दोष आपसूक बाईच्या अंगावर येतो. काळी माती, यावर तुमचं काय म्हणणं आहे?

काळी माती:
शेतात बी उगवलं नाही तर जमिनीला कुणी शिव्या देत नाही. बियाणं, ओल आणि पेरणीची खोली तपासतात. घरातही तेच करावं. घट मात्र मी गर्भच मानणार.