ग्रीन स्टीलच्या गाडीला जास्त पैसे कोण देणार? भोसरी-चाकणवाल्यांनो, खरं सांगा

भट्टीवाला_भोसरी
मंडळी, भांडण होणार हे माहितीये तरी विषय काढतोय. आमची भोसरीत छोटी फाउंड्री आहे, लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम, ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न (ओतीव लोखंडाचे दोन प्रकार), माल बहुतेक टू-व्हीलर आणि ट्रॅक्टरच्या टियर-वनला, म्हणजे कंपनीला थेट पार्ट देणाऱ्यांना जातो. मध्यंतरी एका मॅनेजमेंट कॉलेजची पोरं प्रोजेक्ट घेऊन आली होती, विषय काय तर पर्यावरणपूरक धातूच्या, म्हणजे कमी कार्बन सोडून बनवलेल्या ग्रीन स्टील वगैरेच्या गाडीसाठी ग्राहक जास्त पैसे मोजेल का. फॉर्मवर प्रश्न, "अशा गाडीसाठी तुम्ही ५ टक्के जास्त द्याल का", १ ते ५ मध्ये टिक करा. आमच्या मोल्डिंगच्या पोरांनी झाडून सगळ्यांनी ५ वर टिक केली. त्यातला एक जण आदल्या दिवशी हेल्मेटचे दीडशे रुपये कमी करायला दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस करून आला होता.

माझं म्हणणं एवढंच की सस्टेनेबिलिटीच्या नावावर चाललेलं हे असलं संशोधन बंद करा आणि तो पैसा आणि ती हुशार पोरं भट्टीपाशी आणून बसवा. हिशोब बघा. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, एक टन लोखंड वितळवायला बऱ्या फाउंड्रीत ५५० ते ६०० युनिट जातात, झाकण उघडं ठेवून चार्ज (कच्चा माल) टाकत बसलात किंवा केमिस्ट्रीच्या रिपोर्टची वाट बघत मेटल धरून ठेवलंत तर त्याहून जास्त. आता यील्ड, म्हणजे वितळवलेल्यातलं चांगलं कास्टिंग होऊन निघणारं, ६० टक्के धरा, म्हणजे १ टन चांगलं कास्टिंग द्यायला १६६७ किलो वितळवायचं, बाकीचं रनर-रायझर (साच्यातल्या वाटांमधला जादा धातू) आणि रिजेक्शन होऊन परत भट्टीत. ५८० युनिटने झाले साधारण ९६७ युनिट. गेटिंग, म्हणजे धातू साच्यात जायच्या वाटांची रचना, सुधारून तेच यील्ड ६८ ला नेलं तर ८५३. टनामागे ११४ युनिट वाचले, युनिट ९ रुपये धरा, हजार रुपये झाले, आणि आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन सोडते म्हणजे ८० किलो कार्बनही गेला. कुठल्या ग्राहकाला विचारायला गेलो का मी? ज्याला पेपर छापायचाय त्याने यावर छापावा.

कर्वेनगरची_अभ्यासू
काका, तुमचा हिशोब एकदम मान्य, पण राग चुकीच्या माणसावर काढताय. तो फॉर्म वाईट होता हे मीही म्हणेन, आणि मी याच विषयात पीएचडी करतेय. माणूस बोलतो एक आणि काउंटरवर करतो दुसरंच, ही आमच्या क्षेत्रातली सगळ्यात जुनी डोकेदुखी आहे, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०१९ साली आलेला एक आकडा सगळे सांगतात की सर्व्हेत ६५ टक्के लोक म्हणाले आम्हाला असे ब्रँड हवेत आणि खरोखर घेणारे निघाले साधारण २६. म्हणजे तुमचा हेल्मेटवाला काही एकटा नाही. पण म्हणून ग्राहकाचा अभ्यासच नको, हे कसं? एलईडी बल्ब बघा. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली तेव्हा सरकारी खरेदीत जो बल्ब आधी ३०० च्या वर पडायचा तो दीड-दोन वर्षांत ४० च्या खाली आला आणि ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले. माझ्या आजीने काही कार्बन वाचवायला तो लावला नाही. किंमत, हप्ता, महावितरणच्या ऑफिसबाहेरचा स्टॉल, शेजारणीने घेतला म्हणून आपण, यातलं नक्की काय चाललं हे शोधणं म्हणजेच आमचं काम.

भट्टीवाला_भोसरी
ताई, बल्ब माझ्या घरात लागतो आणि बिल माझं कमी होतं. एसीच्या स्टारचंही तेच, २०१० पासून रूम एसीवर स्टार सक्तीचे आहेत, लोक फाइव्ह स्टार घेतात कारण मे महिन्याचं बिल डोळ्यांसमोर येतं. ग्रीन स्टीलच्या गाडीत मला काय मिळतं? ॲव्हरेज तेवढंच, चेसिस तेवढीच मजबूत, गंजही तसाच चढणार. फायदा सगळ्या जगाला आणि पैसे माझ्या खिशातून, यावर सिग्नलला उभा राहिलेला कुठला पुणेकर हो म्हणेल सांगा. सिग्नलला उभा राहतो हेच आधी सिद्ध करा म्हणा.

चाकण_पर्चेस
😂 शेवटच्या वाक्याला सहमत, बाकीच्याला नाही.

मी खरेदी विभागात आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. सगळे "जास्त पैसे, जास्त पैसे" करताय पण किती हे कोणी मांडतच नाही. जगभरची सरासरी काढली तर एका कारमध्ये ९०० किलो स्टील असतं, आपल्या छोट्या गाड्यांत कमी, तरी ९०० च धरू. समजा ग्रीन स्टील किलोला १० रुपये महाग पडलं. झाले ९००० रुपये. १० लाखांच्या गाडीवर एक टक्कासुद्धा नाही. लोक सीट कव्हर, मॅट आणि अंडरकोटिंगमध्ये डोळे झाकून याच्या दुप्पट घालवतात आणि वर ते लिंबू-मिरची फुकट मागतात. म्हणजे गिऱ्हाईक देणार की नाही हा प्रश्नच फुसका आहे, त्याला कळणारही नाही इतका फरक आहे.

भट्टीवाला_भोसरी
साहेब, मग देऊन टाका की ते १० रुपये! गिऱ्हाईकाला कळणार नाही म्हणता, मग तुमची दरवर्षीची कॉस्ट-डाउनची मेल कोणाला येते? कास्टिंगमध्ये मला किलोमागे ४-५ रुपये सुटले तर आमच्याकडे पेढे वाटतात. कच्चा माल १० रुपयांनी चढला आणि रेट सेटलमेंट पुढच्या तिमाहीत झाली की मी संपलो. गाडीच्या किमतीत एक टक्का असलेला बोजा आमच्यासारख्या खालच्या सप्लायरच्या गळ्यात दोनशे टक्के होऊन बसतो, हे तुमच्या पीपीटीत कधी दिसतं का?

चाकण_पर्चेस
ते मान्य आहे, पण माझ्या हातात नाही. सेबीने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि समाज जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केलाय, त्यामुळे आमच्याकडे सस्टेनेबिलिटी नावाचा वेगळा मजला झालाय. तो मजला सप्लायरकडून डेटा मागतो आणि आमचा मजला सप्लायरकडून डिस्काउंट मागतो. दोन्ही मजल्यांचा चहा एकाच मशीनचा, पण बोलणं नाही.

नटबोल्ट_पिंपरी
तुमचं हे घरगुती भांडण चालू द्या, आम्हाला तो चॉइसच उरलेला नाही. आम्ही फास्टनर करतो, निम्मा माल युरोपात. सीबीएएम माहीत असेलच, युरोपात जाणाऱ्या लोखंड, ॲल्युमिनियम, सिमेंट वगैरेवर कार्बनचा आकार. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून खरं लागू झालं, पैसे तिकडचा आयातदार भरणार पण कापणार कोणाच्या बिलातून ते लहान मूलही सांगेल. आणि नट, बोल्ट, स्क्रू सरळ यादीत आहेत. वर्षाला ५० टनांच्या आत आयात करणारा सुटतो, पण आमचा गिऱ्हाईक तेवढ्यावर भागवणारा नाही.

गंमत अशी की आमच्या कोल्ड हेडिंगची (न तापवता ठोकून बोल्टचं डोकं घडवायची) वीज त्यात किरकोळ, सगळा कार्बन वायर रॉडमध्ये, म्हणजे आमच्या कच्च्या मालाच्या जाड तारेत, आधीच येऊन बसलेला असतो. ब्लास्ट फर्नेसचा (खनिज आणि कोकपासून केलेला) की स्क्रॅपपासून केलेला यावर सगळा खेळ. आम्ही रॉडवाल्याकडे टनामागचा आकडा मागितला तर तो म्हणाला तुमचा महिन्याचा माल किती, आणि ऐकून हसला. आकडा नाही दिला तर डिफॉल्ट व्हॅल्यू (त्यांनी ठरवलेला ठोक आकडा) लावतात आणि ती चांगलीच चढी असते. तेव्हा भट्टीवाले, यील्ड वगैरे ठीक आहे, पण आधी मोजायला शिका. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या पोलाद मंत्रालयाने पण व्याख्या केली आहे, टनाला २.२ टनांच्या खाली कार्बन असेल तरच ग्रीन, १.६ च्या खाली फाइव्ह स्टार. उद्या मोठा गिऱ्हाईक विचारेल तुमचे स्टार किती, तेव्हा गेटिंगचा कागद दाखवणार का?

भट्टीवाला_भोसरी
कागद नाही, मीटर दाखवीन. प्रत्येक हीटला युनिट आणि टॅपिंग वेट लिहिलेलं असतं आमच्याकडे, वहीत का होईना.

हॅमर_शॉप
थोडी भर घालतो. फोर्जिंगमध्ये, म्हणजे तापलेलं स्टील ठोकून घडवण्यात, मायक्रोअलॉय स्टील (किंचित व्हॅनेडियमसारखे धातू मिसळलेलं) येऊन जमाना झाला, १९७० च्या दशकात जर्मनीत सुरू झालं. क्रँकशाफ्ट किंवा कनेक्टिंग रॉड हॅमरखालून निघाला की हवेत ठरावीक वेगाने थंड करायचा, परत ८५०-९०० डिग्रीला तापवून तेलात बुडवणं आणि पुन्हा टेंपरिंग, हे सगळं गायब. केवढा गॅस वाचतो आणि क्वेंचिंगने पीस वाकडा होण्याची कटकटही नाही. तुमच्या-आमच्या गाडीत असे पार्ट कधीपासून फिरतायत, कोणी जाहिरात बघितलीये? इथलंच उदाहरण घ्या, कल्याणी ग्रुपने २०२२ च्या शेवटी फेरेस्टा नावाने ग्रीन स्टीलचा ब्रँड काढला, त्यांच्या मुंढव्यातल्या सारलोहा कंपनीचा. तो ब्रँडसुद्धा कंपन्यांसाठी आहे, डेक्कनवर फिरणाऱ्या माणसासाठी नाही. म्हणून माझं मत भट्टीवाल्यांना. धातूतली सुधारणा गिऱ्हाईकाच्या नकळत होते, झालेली बरी.

पावडर_बेड
आता मी बोलतो म्हणजे धुलाई नक्की. मेटल थ्रीडी प्रिंटिंगमध्ये आहे. लोकांना वाटतं प्रिंटिंग म्हणजे वेस्टेज नाही म्हणून ग्रीन. तसं सरसकट नाहीये. लेझर पावडर बेडमध्ये (पावडरचे थर लेझरने वितळवत पार्ट उभा करायची पद्धत) किलोमागे ऊर्जा कास्टिंगपेक्षा कितीतरी जास्त जाते, वर पावडर बनवायची ऊर्जा, आरगॉन, सपोर्ट कापणं, हीट ट्रीटमेंट वेगळं. विमानात परवडतं, जीई आणि साफ्रानच्या लीप इंजिनचं फ्युएल नोझल २० पार्टांऐवजी एकच आणि २५ टक्के हलकं, हलकं झालं की आयुष्यभर इंधन वाचतं. स्कूटरच्या ब्रॅकेटला हे लावणं म्हणजे उगाच शायनिंग. पण डायकास्टिंगचा इन्सर्ट (ॲल्युमिनियम ओतायच्या डायमध्ये बसणारा तुकडा) बघा. मॅरेजिंग स्टीलमध्ये (एक खूप मजबूत स्टील) प्रिंट केला तर पाण्याची वाट सरळ ड्रिल न मारता कॅव्हिटीच्या आकाराप्रमाणे वळवता येते. नेहमीच्या डायमध्ये जिथे ड्रिल पोचतच नाही तिथे हॉट स्पॉट राहतो, ॲल्युमिनियम चिकटतं, पोरॉसिटी (आत छिद्रं) येते, ऑपरेटर स्प्रे मारत बसतो. इथे सायकल टाइमही उतरतो आणि रिजेक्शनही. एक इन्सर्ट महाग, पण त्यातून निघणारे शॉट किती ते मोजा. ॲडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंगचं संशोधन अशा जागी करा, गणपतीची छोटी मूर्ती प्रिंट करून पाहुण्यांना देणं पुरे आता.

कर्वेनगरची_अभ्यासू
मूर्ती आमच्या विभागालाही मिळालीये, शोकेसमध्ये आहे 🙈

हॅमर शॉपवाले दादा, नकळत झालेलं बरं हे नाही पटत. नकळत करायला कोणीतरी पैसे टाकायला लागतात, आणि ते कोण टाकणार यावरच वरती काका आणि पर्चेसवाले साहेब भांडतायत ना.

रविवार_पेठी
आमचं पिढीजात भांड्यांचं दुकान, त्यामुळे गिऱ्हाईक कसं वागतं ते आम्हाला कॉलेजात जाऊन शिकायला लागलं नाही (ताई, राग मानू नका). बाई जुनं पितळेचं घंगाळ घेऊन येते, आम्ही काट्यावर टाकतो, मोडीचा भाव लावतो, नवीन कढईचा भाव आणि वरचा फरक ती देते. प्रत्येक गिऱ्हाईक सकाळचा भाव दुसऱ्या दुकानात विचारून आलेलं असतं. तांब्या-पितळेचं भांडं कचऱ्यात टाकलेलं मी आजवर पाहिलं नाही. याला कोणी सस्टेनेबिलिटी म्हणत नाही आणि कोणी ५ टक्के जास्तही देत नाही, उलट तिला परत मिळतात म्हणून ती करते. स्टीलच्या भांड्यांना मोड कमी मिळते तर ती माळ्यावर पडून राहतात, तीच बाई, तेच घर. तुम्ही लोक गाडी विकताना ग्रीनचं लेबल लावताय, गाडी मोडताना बरा भाव द्या की. ते जास्त चालेल असं माझं दुकानदारी मत.

नटबोल्ट_पिंपरी
ही आली खरी कामाची गोष्ट! आणि ती सरळ भट्टीला जाऊन मिळते. गाडी चांगल्या रीतीने सुटी केली नाही, हार्नेस (वायरिंग) आणि मोटरसकट दाबून गठ्ठा केला, की तांबं स्टीलमध्ये जातं. एकदा गेलं की स्टील मेल्टिंगमध्ये ते काढायचा परवडणारा उपाय नाही, रोलिंगच्या वेळी पृष्ठभागाला चिरा पडतात. म्हणून स्क्रॅपचं स्टील सळईला चालतं आणि आमच्या रॉडला नाक मुरडतात.

भट्टीवाला_भोसरी
आमच्या शेजारचा डायकास्टिंगवाला हेच लोखंडाबद्दल रडतो. एडीसी-१२ हा तुमच्या स्कूटरच्या क्रँककेसचा अलॉय, तो बहुतेक भंगारापासूनच होतो, नव्या ॲल्युमिनियमच्या ५ टक्के ऊर्जेत. म्हणजे गिऱ्हाईक ऑलरेडी रिसायकल धातूवर बसून फिरतंय आणि त्याला पत्ता नाही. पण प्रत्येक फेरीत लोखंड थोडं थोडं वाढत जातं, सुयांसारखे कण तयार होतात आणि पार्ट ठिसूळ. सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला गाडी दिली की सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नवीन खाजगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येईल असं केंद्राने २०२१ लाच म्हटलंय. तरी लोक कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यालाच देतात, कारण तो रोख देतो आणि घरी येतो.

कर्वेनगरची_अभ्यासू
काका, "तरी लोक भंगारवाल्यालाच देतात, का?" हा ग्राहक वर्तनाचा प्रश्न आहे 😊 तुम्हीच विचारलात. पेठेतल्या काकांसारखा काटा समोर ठेवला, घरून गाडी उचलली, भाव त्याच दिवशी दिला, तर किती जण बदलतील हे फॉर्म न भरून घेता खरोखर दोन भागांत करून बघता येईल. एका भागात नुसती सर्टिफिकेटची माहिती, दुसऱ्यात घरपोच आणि रोख. माझ्या गाइडना विचारते. तुमच्या शेजारच्यांकडून एवढंच हवंय, नीट सुट्या केलेल्या गाडीच्या ॲल्युमिनियम भंगारात आणि गठ्ठ्याच्या भंगारात लोखंड किती येतं त्याचे स्पेक्ट्रोचे (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचे) रिपोर्ट.

भट्टीवाला_भोसरी
रिपोर्ट देईल तो, नाव लिहू नका म्हणतोय. पण गेटिंगवर बसायला एक पोरगा मला आधी पाठवा, मग बाकीचं. आणि पर्चेसवाले, तुम्ही त्या १० रुपयांचं काय ते अजून बोलला नाहीत.

चाकण_पर्चेस
मीटिंगमध्ये आहे.